विषय क्रमांक सात

मालमत्ता समितीची सभा नारायण पेठेत,
जिन्याखालच्या खोलीत, जिथे तंबूंचे बांबू
भिंतीला टेकून उभे असतात
वर्गाबाहेर काढल्यासारखे.

विषय: शिबिराच्या तिन्ही जागा.
आराखडा, सन दोन हजार पन्नासपर्यंत.
पन्नासला मी सत्त्याऐंशीचा,
म्हणजे बहुधा गैरहजर, रजेचा अर्ज न देता.

मी मोजणीखात्यातून निवृत्त, म्हणून नकाशा माझ्याकडे.
चौतीस वर्षं लोकांच्या भावकीतून साखळी ओढली,
कुणाच्या बांधावर कुणाचा आंबा हे सांगून शिव्या खाल्ल्या.
फुकट मोजणारा माणूस संस्थेला बरा पडतो.

भोरची जागा सव्वादोन एकर.
सातबाऱ्यावर अजून तीन मयत
आणि एक अज्ञान वारस,
जो आता दोन नातवंडांना शाळेत सोडतो.
मुळशीची पाण्याकाठी, म्हणून सगळ्यांचा डोळा.
एका बिल्डरचं पत्र फायलीला लावलंय,
कागद इतका जाड
की पंचिंग मशीनने दोनदा तोंड फिरवलं.
वेल्ह्याच्या जागेत रेंज नाही, बोअरला पाणी नाही.
ओढा आहे. नकाशात एकीकडे,
जमिनीवर दुसरीकडे.

खजिनदार होनप म्हणाले, एक विका, दोन जगवा.
कुणी हो म्हटलं नाही. चहा आला.

वेल्ह्याहून पोळेकर आले होते, जागेची राखण करणारे,
पहाटेच्या एसटीने, पिशवीत समितीसाठी भुईमुगाच्या शेंगा.
त्यांनी नकाशा उलटा धरला, मग तसाच राहू दिला.
"ओढा सरकतोय, साहेब. दर पावसाळ्याला हातभर.
तुमच्या पन्नास सालात सैपाकघरात यायचा."
मी ते टिपून घेतलं.
तीन सभांत एवढंच काय ते
दूरचं बोलणं झालं होतं.

एक रकाना होता: मुलांची अंदाजे संख्या.
होनपांनी एकशे चाळीस लिहिले, खोडून नव्वद.
पोळेकर पोरं ताटांवर मोजतात.
म्हणाले, बहात्तर ताटं हायेत,
चार चेपलेली.

मग रुहीना तांबोळी, नववीतली, युवा प्रतिनिधी,
जी आजवर फक्त बिस्किटांची बशी पुढे सरकवायची,
तिने विचारलं,
"काका, जिथे रात्री पूर्ण काळोख असतो
ती जागा नकाशात कशी दाखवायची?
मुळशीला आता समोरच्या बंगल्यांचा उजेड तंबूत येतो.
मला तिथे झोपून पुण्यातच आहोत असं वाटलं."

विहिरीला खूण आहे माझ्याकडे, देवळाला आहे,
पडीक, पोटखराबा, स्मशान, सगळ्यांना आहे.
याला नव्हती.

पंचाहत्तर साली, वेल्ह्याला, माझा पहारा दोन ते तीन.
हातातली काठी दिसत नव्हती.
भीतीने मी तंबूच्या दोऱ्या मोजल्या, चाचपून.
अठ्ठावीस. परत मोजल्या. अठ्ठावीस.
तिसऱ्यांदा मोजताना लक्षात आलं
की आता मी घाबरलेला नाही, नुसताच मोजतोय.
नोकरी बहुतेक तिथेच लागली.

हे सभेत बोललो नाही. शिसपेन्सिल घेतली,
ओढ्यापासून चाळीस हात सोडून
वेल्ह्याच्या नैऋत्येला तुटक रेघ ओढली, गोलसर.
खाली लिहिलं: येथे बांधू नये. दिवा लावू नये.

"याला खर्च?" होनपांनी पेन उघडलं.
काहीच नाही, म्हटलं.
ते चपापले. वीस वर्षांत असा प्रस्ताव आला नव्हता.
शून्य रुपयांची तरतूद कुठल्या शीर्षाखाली दाखवायची,
यावर नऊ वाजेपर्यंत चर्चा झाली
आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

पोळेकरांची शेवटची एसटी चुकली.
ते जिन्याखालीच झोपले, बांबूंच्या शेजारी.
ट्यूबलाइट मालवायची का, मी विचारलं.
"मालवा की," म्हणाले,
"पण बाहेरचीला बटण कुठंय?"